पाकिटाचे वजन

गेल्या श्रावणातील एका रविवारी माझा अकोल्याचा भाचा आपल्या एका मित्रासह परतवाड्याहून पायी मुक्तागिरीस गेला. अमरावतीहून पहाटेच्या बसने परतवाडा, तेथून पाठीवर पिशव्या टाकून सातपुड्याच्या पायथ्याकडे चाल, वर बावन्न जिनालयांची वंदना आणि सायंकाळी परत, असा बेत होता. मुक्तागिरी आज मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडते. पण वऱ्हाडातील श्रावकांना ती परकी कधी वाटलीच नाही. तरुण मुले गाडी टाळून पायी वंदनेस निघाली, याचे घरात सर्वांनाच समाधान वाटले.

रात्री आठच्या सुमारास भाचा आमच्या अमरावतीच्या घरी परतला तो चिंब भिजलेला आणि काहीसा ओशाळलेला. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, देवघराबाहेर बसले होते. त्यांनी विचारले, "वंदना नीट झाली ना रे?"

"झाली आजोबा, पण मी एकाचे दोनशे चाळीस रुपये देणे करून आलो आहे."

हकीकत अशी. खाली पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर मित्राने सहज विचारले, "तुझे पाकीट चामड्याचे आहे का?" ते चामड्याचेच होते. नोकरी लागली तेव्हा कोणी तरी भेट दिलेले, छान डब्यात आलेले. त्याने ते कधी निरखून पाहिले नव्हते. पट्टा कापडी, पायताण रबरी, एवढी काळजी घरच्या वळणाने आपोआप घेतली गेली होती. पाकीट मात्र नजरेतून सुटले. त्याने ते पिशवीत घातले, पिशवी खाली ठेवली आणि दोघे वर गेले. धबधबा भरून वाहत होता. मित्राने इतकी छायाचित्रे काढली की त्याच्या फोनची बॅटरी संपली. उतरताना पावसाची जोरदार सर आली. भाच्याचा फोन खिशात भिजून बंद पडला, आणि खाली ठेवलेली पिशवीही भिजली. परतीला चालण्याचे त्राण उरले नव्हते. म्हणून परतवाड्यापर्यंत रिक्षा केली. भाडे ठरले दोनशे चाळीस रुपये. स्थानकाजवळ उतरून पाकीट उघडले, तर आत अकरा कार्डे, ढीगभर पावत्या आणि पाचशेची एकुलती एक नोट! पाण्याने तिला चामड्याचा तपकिरी रंग लागलेला. रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते, जवळची दुकाने पावसाने बंद होती आणि बस सुटायच्या बेतात होती.

रिक्षावाला म्हणाला, "राहू द्या भाऊ, पुढच्या टायमाले द्या. पैशे कुठी पळून जाते?" आणि गाडी वळवून निघून गेला.

वडिलांनी सारे ऐकून घेतले. रागावले नाहीत. रोजमेळाची वही मागवली आणि त्या दिवसाच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले : मुक्तागिरी रिक्षा, देणे २४०. मग एवढेच म्हणाले, "आपल्या पेढीवर तीन पिढ्यांत असे झाले नाही की, दिवसभर राबणाऱ्या माणसाने आपल्याला उधार द्यावे, आणि तेही आपल्या खिशात अकरा बँकांची कार्डे असताना."

त्या एका वाक्याने मला या महिन्याचा विषय मिळाला. डोंगरवाटेवर, वंदनेला, पदयात्रेला किंवा भटकंतीला जाताना पैशाचे पाकीट कसे असावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्यात वजन, पाणी, सुटे पैसे, अहिंसा आणि अडचणीच्या वेळची सोय अशा पाच गोष्टी गुंतलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आम्ही ते पाकीट सराफी काट्यावर ठेवले. भरले २३८ ग्रॅम. रिकामे पाकीट ९६, अकरा कार्डे ५६, नाणी ६२ आणि नोट, पावत्या, जुनी तिकिटे, कोणाकोणाची भेटपत्रे मिळून २४. म्हणजे जवळजवळ पाव किलो ओझे. आणि त्या ओझ्यात वाटेवर उपयोगी पडेल असे जवळजवळ काहीच नव्हते.

धन जड असते, हे आपल्या व्यापारी घरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. शंभर रुपये न्यायचे तर सव्वा किलोच्या आसपास, हजार न्यायचे तर साडेअकरा किलोंहून अधिक चांदी अंगावर वागवावी लागे. कापसाच्या हंगामात वऱ्हाडातून मुंबईशी जो व्यवहार चाले, तो असा पोत्यांनी रुपये वाहून होणे शक्यच नव्हते. म्हणून हुंडी आली. दाखवताच पैसे मिळणारी दर्शनी आणि ठरल्या मुदतीनंतर वटणारी मुदती. कागदाच्या एका चिठोऱ्यावर, केवळ पेढीच्या शब्दावर, मणभर चांदी गावोगाव फिरत असे. वाटखर्चाची रक्कम मात्र रोख लागे. ती कशात जाई. कसा म्हणजे कापडाची लांब, नळीसारखी पिशवी. तीत रुपये भरून ती धोतराच्या आत कमरेला बांधायची. शिवाय बंडीला आतून चोरखिसा असे. घरातल्या बायकांजवळ दोरीने आवळता येणारा बटवा असे. हे सारे कापडाचे. चामड्याचे, घडीचे पाकीट ही आपल्याकडे पुढे आलेली चाल आहे. तेव्हा आज कापडी पाकीट घेणे म्हणजे काही नवी तऱ्हा नव्हे. आपल्याच पणजोबांच्या कशाकडे परत जाणे आहे.

आता निवडीकडे वळू.

पहिला विचार आकाराचा. बाजारातील पुष्कळ पाकिटे अजून जुन्या नोटांच्या मापाने बेतलेली असतात. जुनी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब व ७३ मिलिमीटर रुंद होती. जुनी पाचशेची १६७ बाय ७३. नोव्हेंबर २०१६ नंतर आलेल्या नव्या मालिकेत नोटा लहान झाल्या. आजची पाचशेची नोट १५० बाय ६६, दोनशेची १४६ बाय ६६, शंभराची १४२ बाय ६६ आणि दहाची १२३ बाय ६३ मिलिमीटर आहे. दोन हजारांची १६६ मिलिमीटरची नोट होती, ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले. पाचशेची नोट मधोमध एकदा दुमडली की ती ७५ बाय ६६ मिलिमीटर होते. बँकेचे कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचे असते, आणि प्लॅस्टिकचे आधार कार्डही त्याच मापाचे. याचा अर्थ, आतून १० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद असलेल्या पिशवीत घडी केलेली प्रत्येक नोट आणि प्रत्येक कार्ड सुखाने मावते. जुन्या मालिकेच्या ज्या शंभराच्या नोटा अजून चालतात, त्याही एका घडीत बसतात. नोटा सपाट राहाव्यात, एवढ्यासाठी आपण दुप्पट आकाराचे पाकीट बाळगत असतो.

दुसरा विचार कशाचे असावे याचा. पाकिटावर 'जेन्युइन लेदर' असे लिहिलेले असेल, किंवा पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे छोटे चिन्ह असेल, तर ते चामडे आहे, हे उघडच झाले. अडचण होते ती न लिहिलेल्या मालाची. वरून रेग्झिनसारखे गुळगुळीत दिसणारे काही पाकीट आतून चामड्याच्या पातळ थराचे असते. त्यावर केवळ प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. म्हणून पाकिटाची कापलेली कड पाहावी. कापडावर लेप दिलेल्या रेग्झिनच्या कडेला विणीचे धागे दिसतात. चामड्याची कड केसाळ, तंतुमय दिसते. दुकानदाराला स्पष्ट विचारावे. आपण स्वतः दुकानदार आहोत, तेव्हा असा प्रश्न विचारण्याचा संकोच आपल्याला तरी नसावा. भेट आलेल्या वस्तूंकडेही त्याच नजरेने पाहावे. आपण विकत घेताना जपतो. भेट मात्र न पाहता खिशात घालतो.

हा केवळ मंदिराच्या पायऱ्यांपुरता प्रश्न नाही. चामडे डोंगरवाटेला मुळातच गैरसोयीचे आहे. पावसात ते पाणी पिते, जड होते, सुकायला दिवस घेते आणि कपाटात राहिले तर त्यावर बुरशी धरते. त्याचा रंग नोटांना लागतो, तो प्रकार आम्ही पाहिलाच. नोट बिचारी त्या मानाने चिवट. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणून ती साध्या कागदासारखी विरघळत नाही, सावलीत पसरली की वाळते. कापसाच्या मुलखातील माणसाला याचे कौतुक वाटावे.

मग पर्याय कोणते? सर्वांत हलका आणि स्वस्त पर्याय म्हणजे दाबून बंद होणारी, झिपची पारदर्शक प्लॅस्टिक पिशवी. वजन अगदी नगण्य, पाणी आत जात नाही, आतले सारे बाहेरून दिसते. दोष एवढाच की ती घड्यांवर फाटते आणि सारखी उघडमीट केली की तिची कड सैल होते. दुसरा पर्याय तंबूच्या पातळ नायलॉनचे पाकीट. या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे चौकटीने विणलेले असतात, त्यामुळे एखादे भोक पडले तरी ते पसरत जात नाही. हे टिकाऊ, हलके आणि लवकर वाळणारे. तिसरा प्रकार कागदासारख्या दिसणाऱ्या टायवेक नावाच्या साहित्याचा. तो कागद नसून पॉलिथिनच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला पत्रा असतो. हाताने फाटत नाही, पाण्याने बिघडत नाही. चौथे साधे सुती कापड. घरी शिवता येते, हाताला बरे वाटते. परंतु घाम आणि पाणी दोन्ही शोषते, म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच. रेग्झिनचे पाकीट शहरात ठीक. पण दमट हवेत त्याचा लेप काही वर्षांत सुटून खपल्या पडू लागतात. धातूच्या पट्ट्यांची कार्डपेटी दिसायला देखणी असली तरी वाटेवर तिचे वजन व्यर्थ.

धातूच्या पेट्या विकताना एक भीती दाखवली जाते की, कोणी जवळून जाता जाता तुमच्या कार्डातील पैसे काढून घेईल. स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डावर पिन न घालता एका वेळी पाच हजार रुपयांपर्यंत व्यवहार होतो, ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून आहे, हे खरे. पण त्यावर उपाय पेटी घेणे नव्हे. बँकेच्या ॲपमध्ये ती सोय बंद करता येते. प्रवासाला निघताना ती बंद करावी. त्याला वजनही नाही आणि किंमतही नाही.

आमच्या घरात जे पाकीट शेवटी तयार झाले, ते यांपैकी विकतचे कोणतेच नव्हते. सौभाग्यवतीने मोडलेल्या छत्रीचे कापड काढले. छत्रीचे कापड पातळ असते, पाणी झटकते आणि दर पावसाळ्यानंतर एखादी तरी मोडकी छत्री प्रत्येक घरात पडलेली असतेच. त्यातून आतील माप दहा बाय आठ राहील अशी पिशवी शिवली, जुन्या दप्तराची चेन लावली आणि एका कोपऱ्यात दोरी ओवण्यासाठी पक्का फासा दिला. शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपते, म्हणून आत एक झिपची प्लॅस्टिक पिशवी. दोन्ही मिळून काट्यावर १२ ग्रॅम. कापड मुद्दाम लाल छत्रीचे घेतले. काळे पाकीट झाडीत किंवा खडकांत पडले तर संध्याकाळी सापडत नाही; लाल दिसते. दोरी पिशवीच्या आतल्या कडीला बांधली की पैसे काढताना हातातून निसटले तरी दरीत जात नाही. आपल्या डोंगरी स्थळांवर माकडे वस्तू पळवतात, त्यांच्यापासूनही तेवढेच संरक्षण.

आता आत काय ठेवावे? भाच्याने टेबलावर अकरा कार्डे मांडली आणि मी एकेकाबद्दल विचारत गेलो, "हे डोंगरावर कोण मागणार आहे?" शेवटी दोन उरली. एक ओळखीचे आणि एक बँकेचे. ओळखपत्र फोनमध्ये डिजिलॉकरवर असतेच. पण फोन बंद पडला तर धर्मशाळेत किंवा जंगलाच्या फाटकावर दाखवायला हाताशी काही हवे. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या घाटात कितीतरी ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने आपली रोख बाळगण्याची सवय मोडली, ही मोठी सोय झाली. पण रेंज, बॅटरी आणि कोरडा फोन या तिन्ही गोष्टी असतील तरच ती सोय चालते. डोंगरात पावसाळ्यात त्यांपैकी एक तरी हमखास दगा देते.

म्हणून रोख हवी आणि ती सुटी हवी. आम्ही ठरवलेली बेरीज अशी : पाचशेच्या दोन, शंभराच्या पाच, पन्नासाच्या चार, विसाच्या पाच आणि दहाच्या पाच नोटा. एकूण १८५० रुपये, एकवीस नोटा. नाणी शक्यतो नाहीत, कारण दहाचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते, तर दहाची नोट एखाद्या ग्रॅमची. याखेरीज पाचशेची एक नोट वेगळी, पॅंटच्या आतून शिवलेल्या चोरखिशात. सारे धन एका ठिकाणी ठेवू नये, हे शहाणपण आपल्या घरांतून हुंडीच्या काळापासून चालत आले आहे.

आणि एक चिठ्ठी. तिच्यावर नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची बाधा होते ते, चालू औषधे आणि घरच्या दोघांचे फोन क्रमांक, ठळक अक्षरांत, मराठी व हिंदीत. वाटेत कोणी घसरून बेशुद्ध झाला तर त्याचा कुलूपबंद फोन मदतीला आलेल्या माणसाला उपयोगी पडत नाही. ही चिठ्ठी पडते. बॉलपेनने लिहिलेली असावी. शाईच्या पेनने लिहिलेली पावसात वाहून जाते. शिवाय आपल्यालाही आता घरच्यांचे क्रमांक तोंडपाठ नसतात. फोन बंद पडला की आपल्या आईला फोन करणेही अशक्य होते.

पिशवी, दोन कार्डे, एकवीस नोटा आणि चिठ्ठी. काट्याने दाखवले ४५ ग्रॅम. २३८ वरून ४५. कोणी म्हणेल, दोनशे ग्रॅमने काय बिघडते? पाठीवरच्या सात-आठ किलोंत खरोखर फार नाही. परंतु हे वजन पाठीवर नसते, खिशात असते. आणि बहुधा मागच्या खिशात. जाड पाकिटावर तासन्‌तास बसल्याने कंबर एका बाजूला कलते, नितंबातील शीर दाबली जाते आणि पायात कळा येतात, हे डॉक्टर लोक पुष्कळ वर्षे सांगत आले आहेत. चालणाऱ्यांपेक्षा गादीवर दिवसभर बसणाऱ्या आपल्यासारख्यांनाच ही गोष्ट अधिक लागू आहे. चालताना पाकीट पुढच्या, चेन असलेल्या खिशात असावे. गादीवर बसताना ते गल्ल्यात असावे.

आपल्याकडे गृहस्थाला परिग्रहाचे परिमाण करण्यास सांगितले आहे. घर, जमीन, सोने यांचे परिमाण आपण मोठ्या गांभीर्याने बोलतो. खिशातील अकरा कार्डांचे परिमाण करायला काटा आणि दहा मिनिटे पुरली. त्यांतील चार कार्डांची मुदतही केव्हाच संपली होती.

पुढच्या रविवारी भाचा पुन्हा परतवाड्याला गेला, या वेळी केवळ देणे फेडण्यासाठी. रिक्षा थांब्यावर तासभर थांबल्यावर तो माणूस भेटला. लाल पिशवीतून शंभराच्या दोन आणि विसाच्या दोन नोटा काढून त्याने पुढे केल्या. रिक्षावाल्याने आधी त्याला ओळखलेच नाही, ओळख पटल्यावर हसून म्हणाला, "येवढ्यासाठी अमरावतीहून आले? मी त विसरूनच गेलो होतो." नोटा न मोजता त्याने खिशात टाकल्या आणि चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

रात्री वडिलांनी वही उघडली, त्या ओळीवर रेघ ओढली आणि समोर तारीख घातली. मग चष्मा काढून लाल पाकीट हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि सौभाग्यवतीला म्हणाले, "सूनबाई, त्या छत्रीचे कापड उरले असेल तर माझ्यासाठीही एक शिवा."